चार मातींचा रस्ता आणि एक टायर

सायकलच्या टायरविषयी सल्ला देणं हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. त्याचा साचाही ठरलेला आहे. सुरुवातीला प्रश्न येतो, 'तुम्ही सायकल कुठे चालवणार?' मग तीन रकाने: डांबरी रस्ता, कच्चा रस्ता, मिश्र रस्ता. प्रत्येकासमोर टायरची रुंदी, नक्षी आणि वजन. शेवटी पाच टायरांची यादी, त्यातला पहिला बहुतेक वेळा सगळ्यांत महाग. व्हिडिओ असला तर सांगणारा टायर हातात घेऊन दाबून दाखवतो, कॅमेऱ्यासमोर त्याची नक्षी फिरवतो आणि 'हा कुठेही चालेल' असं म्हणतो.

वरोऱ्याहून भामरागडपर्यंत सायकलने जायचं ठरलं तेव्हा मी हा प्रकार पोटभर वाचला आणि पाहिला. इंग्रजीत खूप, हिंदीत बऱ्यापैकी, मराठीत थोडा. मग गेल्या दोन हिवाळ्यांत तो रस्ता दोनदा केला, दर वेळी पाच दिवसांत. परत आल्यावर तेच लेख पुन्हा वाचले. काही गोष्टी त्यांनी अगदी बरोबर सांगितल्या होत्या, काही साफ चुकीच्या होत्या आणि एक मोठी गोष्ट जवळजवळ कुणीच सांगितली नव्हती. हा सल्ला रस्त्याचा पृष्ठभाग बघतो, पण त्या रस्त्याकाठी कोण राहतं आणि त्यांच्या दुकानात काय मिळतं, हे बघत नाही. झाडीपट्टीत टायर निवडताना हीच बाजू सगळ्यांत महत्त्वाची ठरते.

म्हणून हा लेख त्या सल्ल्याची समीक्षा आहे. टायर कुठला घ्यावा याचं माझं उत्तरही त्यात आहे, पण तिथवर पोचायला आधी रस्ता बघावा लागेल.

'ऑफ-रोड' म्हणजे नेमकं काय?

वरोरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, पेरमिली, हेमलकसा, भामरागड. या मार्गाने अंतर साधारण ३०० किलोमीटर भरतं. नकाशावर हा सरळसोट रस्ता दिसतो. चाकाखाली तो दर तासाला बदलतो.

वरोरा-भद्रावतीकडे कापसाची काळी जमीन आणि कोळशाच्या खाणी. चंद्रपूर सोडलं की चिचपल्लीवरून मूलकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. मूलच्या पुढे धानाची शेतं सुरू होतात. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. चामोर्शी-आष्टी-आलापल्ली या पट्ट्यात सुरजागडकडून येणारे लोहखनिजाचे ट्रक धावतात. त्यांच्या वजनाने डांबराला लांब उभ्या चाकोऱ्या पडतात, कडा तुटतात आणि खड्ड्यांत टोकदार गिट्टी उघडी पडते. आलापल्लीनंतर सागाचं जंगल, कुठे नवं डांबर, कुठे खणून ठेवलेला रस्ता, कुठे नुसता मुरूम. मुख्य रस्ता सोडून एखाद्या गावात शिरलात तर आधी पांदण रस्ता लागतो आणि मग अचानक गावातला गुळगुळीत सिमेंटचा रस्ता.

या भागातले शेतकरी मातीला चार-पाच नावांनी ओळखतात. कन्हार म्हणजे काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. मोरांड म्हणजे मिश्र. सिहार म्हणजे पिवळसर, वाळूमिश्रित. बर्डी म्हणजे उंचवट्यावरची लालसर, खडे असलेली. कुठल्या जमिनीत कुठलं धान घ्यायचं हे यावरून ठरतं. ही नावं मी शेतीसाठी ऐकली होती, सायकलवर ती वेगळ्याच तऱ्हेने उपयोगी पडली. वाळलेल्या सिहारवर चाक सुरेख पळतं. बर्डीवर खडे चाकाखालून सटकतात. ओल्या कन्हारमध्ये जगातला कुठलाही टायर चालत नाही. ती माती टायर आणि फोर्क यांच्यामध्ये भरते, मडगार्डमध्ये थापली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. तिथे काडीने चिखल खरवडत चालत जाणं हा एकच उपाय असतो. टायरच्या जाहिरातीत या सगळ्यासाठी एकच शब्द आहे: ऑफ-रोड.

हा शब्दांचा वाद वाटेल, पण निवड इथेच बिघडते. 'ग्रॅव्हल' या नावाने आज जे टायर विकले जातात, त्यांची लोकप्रियता अमेरिकेच्या मध्यभागातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतून वाढली. कॅन्ससमधल्या एम्पोरिया या गावची अशी शर्यत २००६ साली सुरू झाली आणि त्या प्रकाराची पंढरीच बनली. तिथल्या रस्त्यांवर धारदार चकमकीचे दगड आहेत. सायकलस्वार एका दिवसात ३०० किलोमीटरच्या वर जातो आणि ठरलेल्या ठिकाणी त्याची मदतनीस मंडळी थांबलेली असतात. त्या गरजेतून घडलेला टायर वाईट नसतो. पण तो एका विशिष्ट जमिनीवरच्या, एका विशिष्ट प्रकारच्या प्रवासाचा टायर आहे. पाठीमागे दहा-बारा किलो सामान लादून, दिवसाला साठ किलोमीटर जाणाऱ्या आणि रात्री पेरमिलीत मुक्काम शोधणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

पहिला समज: बारीक टायर म्हणजे वेग

शहरातल्या दुकानात हायब्रिड सायकल दाखवताना अजूनही सांगतात की टायर जितका बारीक आणि हवा जितकी टाइट, तितकी सायकल हलकी चालते. हे अर्धसत्य आहे, आणि त्याचा उगम शोधण्यासारखा आहे.

टायरची चाचणी अनेकदा लोखंडी ड्रमवर होते. ड्रम गुळगुळीत फिरतो, टायर त्यावर दाबलेला असतो. तिथे हवा वाढवली की टायर कमी चेपतो, ऊर्जा कमी वाया जाते, आकडा सुधारतो. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर टाइट टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो. ती ऊर्जा पुढे जाण्याऐवजी तुमच्या मनगटांत, पाठीत आणि मांड्यांत जिरते. दिवसाच्या शेवटी जो थकवा येतो, त्यात या हिसक्यांचा वाटा मोठा असतो.

ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावचा पॉल दे व्हिवी, ज्याला लोक 'व्हेलोसिओ' म्हणत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुंद टायर आणि कमी हवेची बाजू मांडत होता. आपल्या काळात ती सगळ्यात जोरकसपणे मांडली यान हाइने याने. 'बायसिकल क्वार्टरली' हे नियतकालिक तो चालवतो. प्रत्यक्ष रस्त्यावर माणूस बसवून चाचण्या घेऊन त्याने दाखवलं की रुंद, लवचीक टायर कमी हवेवरही हळू चालत नाहीत, आणि खडबडीत रस्त्यावर उलट फायद्याचे ठरतात. २०२० सालचं त्याचं 'द ऑल-रोड बाइक रिव्होल्यूशन' हे पुस्तक या विषयावर मी वाचलेलं सगळ्यात नीट युक्तिवाद करणारं पुस्तक आहे.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. हाइने स्वतः टायर विकणारी कंपनी चालवतो, आणि त्याच्या मते चांगला टायर म्हणजे पातळ, मऊ कापडाचा. हे टायर महाग असतात आणि भारतात सहजी मिळत नाहीत. त्यांचा बाजूचा भाग इतका पातळ असतो की खणलेल्या रस्त्यावरची उभी गिट्टी तो कापू शकते. टायर फाटला तर पुढचा टायर कुरियरने येईल, असं गृहीत धरणारा हा विचार आहे. आलापल्लीत थांबून कुरियरची वाट बघायला पाच दिवसांच्या प्रवासात जागा नसते. त्यामुळे हाइनेचं भौतिकशास्त्र घ्यावं आणि त्याची खरेदीची यादी बाजूला ठेवावी.

ते भौतिकशास्त्र समजायला सोपं आहे. टायर जमिनीला जिथे टेकतो तो भाग ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब इतका असतो. सामानासकट मागच्या चाकावर ६० किलो भार आहे असं धरा. १०० पीएसआय हवा असेल तर टेकणारा भाग साधारण साडेआठ चौरस सेंटिमीटर. ४५ पीएसआय असेल तर सुमारे १९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीहून किंचित मोठा. मुरमावर तोल सांभाळायला तुम्हाला काडेपेटी हवी आहे. पण २८ मिलिमीटरच्या बारीक टायरमध्ये ४५ पीएसआयवर चालायचं म्हटलं तर पहिल्याच खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, सापाच्या दातांसारख्या. कमी हवा परवडायची असेल तर टायरमध्ये खोली हवी, म्हणजेच रुंदी हवी.

मी ४७ मिलिमीटरचे टायर वापरले, पुढे ३५ आणि मागे ४५ पीएसआयच्या आसपास. पुढे कमी आणि मागे जास्त, कारण मागच्या चाकावर भार जास्त असतो. तुमचं वजन आणि सामान बघून हे आकडे वर-खाली होतील. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारीत गडचिरोलीत पहाटे १२ अंश आणि दुपारी ३२ अंश असू शकतं. थंडीत भरलेली ६० पीएसआय हवा केवळ या फरकाने पाचेक पीएसआयने वाढते. सकाळी ठेचून हवा भरू नये, हे जुन्या सायकलवाल्यांचं सांगणं त्यामुळेच बरोबर आहे.

दुसरा समज: रस्ता खराब असेल तर नक्षी जाड हवी

चंद्रपूर, मूल किंवा वडसा, कुठल्याही गावात आज दहावी-बारावीच्या मुलांना जी सायकल विकली जाते ती बघा. जाड नळ्या, डिस्क ब्रेक, पुढे शॉकअप आणि टायरवर बोटाच्या पेरांएवढे उंचवटे. ती डोंगरी सायकलसारखी दिसते. वजनाला जड असते, त्या उंचवट्यांमुळे डांबरावर घरघर वाजते आणि चढावर जीव काढते. मुलगा शाळेला डांबरी रस्त्याने जातो. वर्षभरात त्याला वाटायला लागतं की सायकल हा दमवणारा प्रकार आहे आणि तो गाडीच्या परवान्याची वाट बघू लागतो. सायकल सुटते, आणि दोष टायरचा असतो हे त्याला कधी कळत नाही. टायर-सल्ल्याचं अपयश मला इथे सर्वांत बोचतं, कारण लांबच्या प्रवासाला जाणारे आपण चार जण असतो, ही मुलं हजारो आहेत.

जाड नक्षी उपयोगाची असते ती मऊ, खोलवर रुतणाऱ्या मातीत. तिथे उंचवटे मातीत घुसतात आणि पकड देतात. झाडीपट्टीतला हिवाळ्यातला कच्चा रस्ता बहुतेक ठिकाणी याच्या उलट असतो: खाली दाबून घट्ट झालेला मुरूम, वर सुटे खडे. उंचवट्याला घुसायला जागाच नसते. तो खड्यावर टेकतो आणि खडा सरकतो. तिथे पकड मिळते टेकणाऱ्या क्षेत्रफळातून, म्हणजे पुन्हा रुंदी आणि कमी हवा. ओल्या कन्हारात तर नक्षीच्या फटी पहिल्या दहा फुटांत भरून जातात आणि जाड टायर गुळगुळीत होतो, शिवाय किलोभर चिखल घेऊन फिरतो.

म्हणून या मार्गासाठी टायरचा मधला भाग सपाट किंवा बारीक रेघांचा असावा, कडेला थोडी नक्षी असली तर चालेल. त्याहून महत्त्वाचं, टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी बोट सहज जाईल इतकी जागा असावी. किती रुंद टायर 'बसतो' हे दुकानदार सांगतो. चिखलासकट किती रुंद टायर 'फिरतो' हे तुम्ही विचारायचं.

तिसरा समज: ट्यूबलेस घेतला की प्रश्न मिटला

पंक्चर हा इथे चेष्टेचा विषय नाही. धानाची कापणी झाली की बांधांवरचं बाभळी-बोरीच्या फांद्यांचं कुंपण पांदणीत येऊन पडतं. रस्त्याच्या कडेला गोखरू असतो. दुसरं म्हणजे हा वाघांचा मुलूख आहे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा या भागांत वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेल्याच्या बातम्या नेहमी येतात. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी पाचनंतर, उकिडवे बसून, पाठ झाडीकडे करून चाक खोलणं हे टाळण्यासारखं आहे. इथे टायर निवडताना वेगापेक्षा 'थांबावं कुठे लागेल' हा प्रश्न मोठा असतो.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसते, आत द्रव सीलंट असतं. काटा घुसला तर ते छिद्र बुजवतं. गोखरूसाठी हे उत्तम आहे, यात वाद नाही. पण सीलंट काही महिन्यांत वाळतं, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, ते आणखी लवकर वाळतं. टायरची कड रिमवर बसवायला एकदम जोरात हवा लागते, ती हातपंपाने बहुतेक वेळा येत नाही. टायर मोठा चिरला तर शेवटी ट्यूबच घालावी लागते. म्हणजे ट्यूबलेसवाल्यालाही खिशात ट्यूब ठेवावीच लागते. मग प्रश्न उरतो: कुठली ट्यूब?

इथे ती सुटलेली गोष्ट येते. पहिल्या प्रवासात माझ्याबरोबर एक मित्र होता. त्याच्याकडे चांगली, महागाची हायब्रिड होती, २८ मिलिमीटरचे टायर, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हच्या ट्यूब. एक ट्यूब चामोर्शीच्या आधी चिरली, दोन्ही बाजूंनी, ट्रकच्या चाकोरीच्या कडेवर. दुसरी आष्टीच्या पुढे व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. तिथे पॅच बसत नाही. जवळच्या गावात सायकलचं दुकान होतं, दुकानदार काका अनुभवी होते, भिंतीवर ट्यूबही लटकत होत्या. त्यांनी एक काढली, चाकाशी धरून बघितली आणि म्हणाले, "ट्यूब आहे नं भाऊ, पण तुमच्या रिंगचं भोकच बारीक आहे."

प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी रिमला साडेसहा मिलिमीटरचं छिद्र असतं. गावातल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, ज्यात आत रबरी नळी असते तो, आणि मोटरसायकलचा व्हॉल्व्ह, ज्याला श्रेडर म्हणतात तो, या दोघांना साडेआठ मिलिमीटरच्या आसपास छिद्र लागतं. काकांनी गोल कानस घेऊन छिद्र मोठं करून देण्याची तयारी दाखवली. पण इतक्या अरुंद टायरमध्ये ती ट्यूब घड्या पडूनच बसली असती. मित्राची सायकल काळी-पिवळीच्या टपावर चढली आणि तो आलापल्लीत माझी वाट बघत बसला.

दोन मिलिमीटरचा फरक. मी वाचलेल्या एकाही तुलनात्मक लेखात रिमच्या छिद्राला गुण दिलेले नव्हते. वजनाला होते, रंगालासुद्धा होते.

उलट बाजूने विचार करा. मोठं छिद्र असलेल्या रिममध्ये श्रेडर ट्यूब बसते, गावातली साधी ट्यूब बसते, आणि छोटी रबरी बुशिंग घातली तर प्रेस्टाही बसते. श्रेडरचा दुसरा फायदा असा की मोटरसायकलचं पंक्चर काढणारा प्रत्येक माणूस त्यात कंप्रेसरने हवा भरू शकतो. आणि ज्या गावात सायकलचं दुकान नाही, त्या गावातही मोटरसायकलचं पंक्चर काढणारा बहुतेक वेळा सापडतो.

टायरवरचे आकडे

दुकानात टांगलेली ट्यूब कुठल्या मापाची आहे, हे त्या गावात कोण सायकल चालवतं यावर ठरतं. काळी उभी सायकल चालवणारे म्हातारे शेतकरी असतील तर २८ × १ १/२. मुलींच्या सायकली असतील तर बहुधा २६ × १ ३/८. मानव विकास कार्यक्रमातून गडचिरोलीसह अनेक मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. शाळा सुटण्याच्या वेळी कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहा, या भागात रोज सायकल कोण चालवतं ते दिसेल. त्या मुलींमुळे दुकान चालतं, आणि ते दुकान चालू असतं म्हणून तुमचं पंक्चर निघतं. टायरच्या शिफारशीत ही साखळी कधी दिसत नाही.

इंचातली मापं फसवी असतात. काळ्या सायकलचं '२८' म्हणजे रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर. हायब्रिड आणि रोड सायकलचं '७००' म्हणजे ६२२, आणि काही युरोपी कंपन्या त्यालाही '२८' म्हणतात. डोंगरी सायकलचं '२९' हेसुद्धा ६२२ च. मुलींच्या सायकलचं २६ म्हणजे ५९०, जुन्या डोंगरी सायकलचं २६ म्हणजे ५५९. त्यामुळे इंच वाचू नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरात '४७-५५९' असे दोन आकडे जोडून लिहिलेले असतात. पहिला रुंदी, दुसरा तो व्यास. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही, मग इंच काहीही सांगोत. ट्यूबचं तसं नाही. ती रबराची असते, थोडी ताणते, थोडी घडी सहन करते. रुंद टायर असेल तर ६३५ ची ट्यूब ६२२ मध्ये गावापर्यंत पोचवते. अरुंद टायर ही सवलत देत नाही.

चाक: दुर्लक्षित अर्धा भाग

टायरवर इतकं बोललं जातं की चाकाचं राहूनच जातं. सामान लादलेल्या सायकलचं मागचं चाक आधी मोडतं. आरे तुटतात, तेही बहुधा गिअरच्या बाजूचे, जे काढायला खास अवजार लागतं. शोभेसाठी २० किंवा २४ आऱ्यांची चाकं येतात. त्यातला एक आरा तुटला की चाकाला इतका आउट येतो की ते ब्रेकला घासून थांबतं. ३६ आऱ्यांच्या चाकात एक तुटला तरी बाकीचे भार वाटून घेतात आणि तुम्ही पुढच्या गावात जाऊन आउट काढून घेता.

काळ्या सायकलकडे बघा. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आरे असतात आणि मागच्याला ४०. पोतं, बायको, दुधाच्या कॅन, सगळं मागे बसणार हे ती बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. आजच्या अनेक सायकलींत पुढे-मागे सारखेच आरे असतात, कारण फोटोत तसं बरं दिसतं.

या जिल्ह्याला लांबच्या सायकल प्रवासाचा इतिहासही आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटेंनी 'भारत जोडो' अभियान काढलं. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर आणि १९८८-८९ मध्ये अरुणाचल ते गुजरातमधलं ओखा. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीतून सोबत होते. तेव्हा देशात ग्रॅव्हल टायर नव्हता, ट्यूबलेस नव्हता, आणि हजारो किलोमीटरची वाट पार झाली. तिथे प्रत्येक गावातला पंक्चरवाला त्यांच्या चाकाची भाषा जाणत होता, ही गोष्ट मला आज महत्त्वाची वाटते.

यावरून कुणी 'जुनं तेच सोनं' म्हणेल तर मी सहमत नाही. काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, गिअर एकच, आणि तिच्या चकचकीत लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही. चांगल्या ब्रेकसाठी आणि गिअरसाठी नवी सायकल घ्यावीच. फक्त जुन्या सायकलकडून तीन गोष्टी घ्याव्यात: रुंद टायर, भरपूर आरे आणि मोठं छिद्र.

मग घ्यायचं काय?

सायकल नवी असेल तर ६२२ व्यासाचं चाक, ४० ते ४५ मिलिमीटरचा टायर, मध्ये सपाट, बाजू मजबूत, शक्य असेल तर आत पंक्चररोधक पट्टी असलेला. त्याने टायर थोडा जड आणि कडक होतो, ते या रस्त्यावर मान्य करावं. पैसे कमी असतील तर घरी पडलेली जुनी लोखंडी डोंगरी सायकल काढा, शॉकअप नसलेली असेल तर उत्तम, आणि तिला ४७-५५९ चे सपाट टायर घाला. माझी तीच होती. मागे ३६ आरे, पुढे ३२ चालतील. रिमला श्रेडरचं छिद्र. सोबत दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, चार जास्तीचे आरे आणि टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा वीतभर तुकडा. निघण्याआधी सामान लादून पन्नास किलोमीटर चालवा आणि परत येऊन आऱ्यांचा ताण तपासून घ्या. नवी चाकं पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बसतात आणि सैल होतात.

परीक्षण लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा छोटी आहे. टायरचं वजन ग्रॅममध्ये जरूर द्या. त्याबरोबर एक ओळ वाढवा: हा टायर किंवा याची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळते का, आणि नसेल तर तिच्या जागी काय चालतं. मराठीत लिहिणाऱ्याला ही ओळ लिहिणं सोपं आहे, कारण ते विचारायला त्याला फार लांब जावं लागत नाही. आलापल्लीच्या दुकानात फोन करून किंवा एसटी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याशी दहा मिनिटं बोलून ती मिळते.

आणि तुम्ही निघणार असाल तर नोव्हेंबर संपता संपता निघा. धान कापलेलं असतं, कन्हार वाळलेली असते आणि लोक रस्त्याच्या अर्ध्या भागात धान वाळत घालतात. तिथे उरलेल्या अर्ध्या भागातून, मुरमाच्या कडेकडेने, सावकाश जायचं असतं. त्या वेळी ४५ पीएसआयवरची रुंद चाकं बरोबर असली की बाजूला व्हायला भीती वाटत नाही.